सगळे न्यूरॉन्स एकदम पेटले तर त्याला हुशारी म्हणत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या सुट्टीतल्या कोर्सेसवर एक अख्खं पान आलं होतं. त्यात एका क्लासबद्दल छापलंय की मुलाच्या मेंदूचे दोन्ही भाग 'सिंक' केले, सगळे न्यूरॉन्स, म्हणजे मेंदूच्या पेशी, एका लयीत आणले, की एकाग्रता वाढते, पाठांतर होतं, मार्क वाढतात. क्लासचं नाव मी घेत नाही, कारण असे क्लास आता गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडे निघालेत आणि सगळ्यांची भाषा हीच आहे. माझा राग त्या नावावर नाही, त्या वाक्यावर आहे. ते वाक्य साफ उलटं आहे, आणि वर 'जाहिरात' असं कुठेही न लिहिता माहिती म्हणून छापलं गेलं, म्हणून हे पत्र.

मी ईईजी टेक्निशियन आहे, फोंड्याला राहते. डोक्यावर इलेक्ट्रोड लावायचे आणि मेंदूची वीज स्क्रीनवर उतरवून घ्यायची हे माझं काम. रिपोर्ट डॉक्टर देतात, निदान तेच करतात, पण त्या लाटा दिवसभर माझ्या डोळ्यासमोर असतात, त्यामुळे 'सगळे न्यूरॉन्स एका लयीत' म्हणजे स्क्रीनवर नक्की काय दिसतं हे मला चांगलं माहीत आहे, आणि ते आपल्या मुलाच्या बाबतीत बघायची पाळी कुठल्याही आईवर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आधी साधी गोष्ट सांगते. पेशंट पलंगावर झोपला, डोळे मिटून स्वस्थ पडला, की डोक्याच्या मागच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर छान गोल गोल लाटा येतात, सेकंदाला ८ ते १३. याला अल्फा म्हणतात. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर नावाच्या डॉक्टरांनी १९२४ साली पहिल्यांदा माणसाचा ईईजी घेतला, १९२९ साली छापला, आणि तेव्हाच त्यांना हे दिसलं होतं की डोळे उघडले किंवा पेशंटला एखादं गणित घातलं की या लाटा मोडतात आणि त्यांच्या जागी बारीक, भरभर, वेड्यावाकड्या रेघा येतात. आता विचार करा. काहीच काम नाही तेव्हा लाट मोठी आणि गोंडस, आणि काम सुरू झालं की लाट छोटी आणि ओबडधोबड. गाढ झोपेत तर त्याहून मोठ्या, संथ लाटा येतात. डोक्याच्या कातडीवरून लाट दिसायची असेल तर खालच्या काही चौरस सेंटीमीटर कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, पेशींनी एकत्र वर-खाली व्हावं लागतं, म्हणजे लाट जेवढी मोठी तेवढ्या जास्त पेशी एकाच सुरात. जागा, सावध, हिशेब करणारा मेंदू एका सुरात नसतो. आणि स्क्रीनवर सगळ्यात मोठी, सगळ्यात नीटनेटकी लाट कधी येते म्हणाल तर फिट येते तेव्हा.

आमच्याकडे एक मुलगी आली होती, प्राथमिक शाळेतली. शाळेतून तक्रार होती की वर्गात मध्येच शून्यात बघत बसते, हाक मारली तरी ओ देत नाही, लक्ष नाही. आईने आधी तिला अशाच एका एकाग्रतेच्या क्लासला घातलं होतं, पैसे भरले होते, काही फरक नाही म्हणून मग डॉक्टरांकडे. डोक्याला तेल लावून येऊ नका असं आम्ही आधीच सांगतो कारण खोबरेल असलं की पेस्ट चिकटत नाही, तरी आई म्हणाली "थोडेंच लायलां", मग स्पिरिटने एकेक जागा पुसत बसले. टेपने नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मोजायचं, दहा टक्के, वीस टक्के असे हिशेब करून पेन्सिलने खुणा करायच्या, केस बाजूला करून एकेक कप बसवायचा, लहान मूल असलं की हे सगळं गोष्टी सांगत सांगत. मग जोरजोरात श्वास घ्यायला लावतो, तीन मिनिटं. लहान मुलांच्या हातात आम्ही कागदी भिंगरी देतो, फुंकत राहा म्हणतो. ती फुंकत होती, भिंगरी फिरत होती, आणि मध्येच थांबली. हात तसाच, डोळे उघडे, पापण्यांची थोडीशी फडफड. आणि स्क्रीनवर पुढून मागे, डावीकडून उजवीकडे, सगळ्या चॅनलवर एकदम, सेकंदाला ३ या हिशेबाने टोक आणि लाट, टोक आणि लाट, जणू पट्टी लावून काढलेली. काही सेकंदांनी ते बंद झालं आणि पोर पुन्हा फुंकायला लागली, मध्ये काही झालं हे तिला माहीतच नाही.

याला ॲबसेन्स सीझर म्हणतात, हीही एक फिटच. मूल पडत नाही, तोंडाला फेस येत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. हा पॅटर्न १९३५ सालापासून वैद्यकाला माहीत आहे. आणि संपादकसाहेब, 'दोन्ही मेंदू पूर्ण सिंकमध्ये' याचा सर्वात शुद्ध नमुना हाच आहे. त्या सेकंदांत त्या मुलीच्या कॉर्टेक्सच्या दोन्ही बाजू अगदी एका तालात होत्या, आणि त्या सेकंदांत तिला स्वतःचं नावसुद्धा सांगता आलं नसतं.

मग ताळमेळ नकोच का, तर तसंही नाही. १९८९ साली फ्रँकफर्टला मांजराच्या दृष्टीच्या कॉर्टेक्समध्ये दाखवलं गेलं की एकमेकांपासून दूर असलेल्या पेशी एकाच वस्तूकडे बघताना सेकंदाला ४० च्या आसपासच्या लयीत एकत्र ठोके देतात. पेशी एकट्या एकट्या बडबडत राहिल्या तर कुठलाच संदेश कुठेच पोचणार नाही. प्रश्न किती पेशी, किती वेळ, आणि नंतर सुटतात कशा हा आहे. याच प्रश्नावर गेल्या वीसेक वर्षांत जे काम झालंय ते मला फार आवडतं आणि ते मराठीत कुठेच वाचायला मिळत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

२००३ साली अमेरिकेत जॉन बेग्ज आणि डीटमार प्लेन्झ यांनी उंदराच्या कॉर्टेक्सचे पातळ काप बशीत जिवंत ठेवले, खाली ६० इलेक्ट्रोडची जाळी, दोन इलेक्ट्रोडमध्ये ०.२ मिलिमीटर अंतर. बाहेरून काही टोचायचं नाही, नुसतं ऐकत बसायचं. कधी एकाच इलेक्ट्रोडवर ठिणगी पडायची आणि विझायची. कधी एकावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर जायची. कधी जवळजवळ सगळ्या जाळीभर पसरायची, तेही मिलिसेकंदांच्या हिशेबात. अशा प्रत्येक लडीला त्यांनी अ‍ॅव्हलांच, म्हणजे कोसळणारी दरड, म्हटलं, आणि मग मोजलं की किती इलेक्ट्रोडची अ‍ॅव्हलांच किती वेळा आली.

आपल्याला वाटेल की सरासरी एक साइज असेल, जशी माणसांची उंची असते, बहुतेक मधले, थोडे बुटके, थोडे उंच. तसं निघालं नाही. लहान अ‍ॅव्हलांच खूप, मोठ्या कमी, आणि ही घट एका ठराविक नियमाने होते. साइज दहापट केली की संख्या साधारण ३२ पटीने कमी, तिथून पुन्हा दहापट केली की पुन्हा तेवढ्याच पटीने कमी. गणितात याला पॉवर लॉ म्हणतात, घातांक उणे दीड. किती वेळ टिकली त्याचा घातांक उणे दोनच्या आसपास, म्हणजे दहापट जास्त वेळ टिकणारी शंभर पटीने दुर्मीळ. जाळीतले थोडेच इलेक्ट्रोड धरून मोजलं तरी आलेखाचा उतार तोच राहतो, फक्त रेघ लवकर संपते. या वागण्याला स्केलिंग म्हणतात, छोट्या तुकड्यात बघा की मोठ्या, चित्र एकाच जातीचं. भूकंपांचं असंच असतं, कोयनेच्या परिसरात बारीक हादरे कितीतरी येतात आणि ११ डिसेंबर १९६७ सारखा एखादाच, त्यालाही ठराविक मधली साइज नाही.

असं का होतं हे समजायला डिचोली, साखळी, पाळीकडच्या लोकांनी खाणीचा डंप आठवावा, माझं माहेर त्याच पट्ट्यातलं. ट्रक येतो, माती वरून ओततो. डंप सपाट असताना काहीच घडत नाही, माती पडते तिथेच बसते. उतार वाढत वाढत एका हद्दीला आला की मग प्रत्येक ट्रकबरोबर काहीतरी घरंगळतं, बहुतेक वेळा दोन-चार दगड, कधी एक पट्टा, आणि क्वचित अख्खी बाजू खाली येते. ट्रक तेवढाच, माती तेवढीच. परिणाम किती मोठा होणार हे त्या ट्रकवर नाही, उतार कुठे पोचलाय यावर आहे. १९८७ साली पेर बाक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी वाळूच्या ढिगाचं हेच गणित मांडलं, की अशी व्यवस्था कोणी न सांगता आपणच त्या हद्दीला येऊन उभी राहते. (खरे ढीग नेहमी तसे वागत नाहीत हेही सांगायला हवं. १९९६ साली ओस्लोत तांदळाचे ढीग करून बघितले तेव्हा लांबट दाण्यांत हा नियम दिसला, आखूड दाण्यांत नाही.)

कॉर्टेक्समध्ये हद्द म्हणजे काय, तर एक पेशी पेटली की ती सरासरी किती पेशी पेटवते. एकापेक्षा कमी असेल तर ठिणगी लगेच विझते, एकापेक्षा जास्त असेल तर वणवा. बेग्ज आणि प्लेन्झना हा आकडा एकच्या जवळ मिळाला. आणि तो तिथे धरून कोण ठेवतं, तर कॉर्टेक्समधल्या साधारण पाचातल्या चार पेशी पुढच्याला पेटवणाऱ्या आणि एक गप्प करणारी, या दोघांच्या ओढाताणीवर सगळं उभं आहे. गप्प करणाऱ्या पेशींचं तोंड औषधाने बंद केलं की तोच काप लगेच मोठमोठ्या अ‍ॅव्हलांच द्यायला लागतो, मधल्या साइज कमी होतात, आलेखाची सरळ रेघ मोडते आणि शेवटाला एक फुगवटा येतो. तो फुगवटा म्हणजे 'सगळे न्यूरॉन्स एका लयीत'. प्रयोगशाळेत फिटचं मॉडेल करायचं तर हेच करतात!

२००९ साली प्लेन्झच्याच गटाने आणखी एक गोष्ट तपासली. कापाला कमी-जास्त ताकदीचे विजेचे झटके दिले आणि उत्तरावरून झटक्याची ताकद किती बारीक ओळखता येते ते बघितलं. गप्प करणं वाढवलं तर लहान झटके कळेनात, पेटवणं वाढवलं तर लहान आणि मोठा सारखाच दिसायला लागला. दोन्हीचा तोल असताना, म्हणजे त्या हद्दीवर, सगळ्यात जास्त फरक कळत होता. ब्राझीलच्या दोन शास्त्रज्ञांनी हेच गणिताने २००६ साली सांगितलं होतं. मला वाटतं पालकांना सांगायचं तर हे सांगावं. कुजबुज आणि आरडाओरडा दोन्ही वेगळे ओळखता येणं ही मेंदूची ताकद, आणि त्यासाठी पेशींना कधी पाच-दहा जणींनी, कधी लाखभर जणींनी जमायची आणि मोडायची मोकळीक लागते.

आणि यासाठी कुठला क्लास लागत नाही, झोप लागते. २०१३ साली छापलेल्या एका प्रयोगात माणसांना सलग ४० तास जागं ठेवून ईईजी घेतला, तर जागरण वाढत गेलं तसतशा या हद्दीच्या खुणा फिक्या होत गेल्या, आणि झोपल्यावर परत आल्या. आमच्याकडे फिट पकडायची असते तेव्हा डॉक्टर मुद्दाम रात्रभर जागून या असं सांगतात, त्याच्यामागे हाच अनुभव आहे की न झोपलेला मेंदू फिटकडे लवकर झुकतो. परीक्षेच्या दिवसांत पोरांना रात्री दोनपर्यंत बसवायचं, पहाटे ट्यूशनला धाडायचं आणि सुट्टीत मेंदू सिंक करायला पैसे भरायचे, याला काय म्हणावं मला कळत नाही.

हे सगळं पक्कं झालंय असं मी म्हणत नाही. २०१० साली फ्रान्समधल्या दोघांनी दाखवलं की नुसत्या गोंगाटातूनही पॉवर लॉसारखी रेघ निघू शकते, म्हणून रेघ सरळ दिसली एवढ्यावर जाऊ नये. जिवंत प्राण्यांत मोजणाऱ्या काही जणांचं म्हणणं आहे की मेंदू बरोब्बर हद्दीवर नसतो, जरा अलीकडे थांबतो, सुरक्षित बाजूला, आणि मला व्यक्तिशः हे जास्त पटतं, कारण रोज जे बघते त्यावरून पलीकडे पाय गेला तर काय होतं हे माहीत आहे. पण सगळ्याच बाजूंच्या शास्त्रज्ञांत एका गोष्टीवर वाद नाही, की जास्त सिंक म्हणजे जास्त हुशार असं काही नसतं.

आता गोव्याशी याचा संबंध काय असं कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो आपणच विसरलोय. २०१९ साली उंदराच्या दृष्टीच्या कॉर्टेक्समधल्या साधारण १०,००० पेशी एकाच वेळी बघितल्या गेल्या, त्याला २,८०० चित्रं दाखवली, आणि मग त्या सगळ्या पेशींच्या हालचालीतून कुठले सूर, म्हणजे पेशींच्या एकत्र वर-खाली होण्याचे नमुने, मोठे, कुठले लहान ते वेगळे काढले. पहिला सूर सगळ्यात मोठा, दुसरा साधारण त्याच्या निम्मा, दहावा दहाव्या हिश्शाएवढा, अशी शेकडो सुरांपर्यंत उतरत जाणारी रांग निघाली. इथेही पॉवर लॉ. एकच सूर असता तर सगळ्या पेशी एकच गोष्ट सांगत बसल्या असत्या. आता असे सूर वेगळे काढायचं जे गणित आहे, त्याचा पाया घालणाऱ्यांत आपले दामोदर धर्मानंद कोसंबी आहेत, १९०७ साली गोव्यात जन्मलेले. १९४३ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला, कारहुनेन आणि लोएव्ह या गणितज्ञांची नावं ज्या पद्धतीला लागली त्यांच्याही आधी. पणजीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव होतो, आपल्याकडे त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात आणि ते योग्यच आहे, पण मेंदूच्या हजारो पेशींतून सूर वेगळे काढायच्या गणिताचा पाया घालणाऱ्यांत आपल्या मातीतला माणूस होता हे फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या हायर सेकंडरीतल्या किती पोरांना माहीत आहे? सुट्टीच्या पानावर हे छापा की. त्या पोरांना याने जेवढी उभारी येईल तेवढी अशा क्लासांतल्या डोळ्यावर पट्टी बांधून रंग ओळखायच्या तमाशाने येणार नाही.

माझ्या विनंत्या साध्या आहेत. मेंदूबद्दल दावा करणारा मजकूर छापण्याआधी एका न्यूरोलॉजिस्टला फोन करून विचारा, गोव्यात ते आहेत आणि बोलतात. पैसे घेऊन छापलं असेल तर वर ठळक 'जाहिरात' लिहा. आणि शाळेतल्या टीचर्ससाठी एक चौकट द्या की मूल दिवसातून अनेकदा काही सेकंद शून्यात जात असेल, हाक ऐकत नसेल, हातातली पेन्सिल तशीच राहत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका, शिक्षा करू नका, पालकांना डॉक्टरांकडे पाठवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि नीट निदान आणि औषध मिळालं तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. ती भिंगरीवाली मुलगी आता डॉक्टरांच्या औषधावर आहे आणि वर्गात उत्तरं देते असं तिच्या आईने सांगितलं.

त्याच चौकटीत मोठी फिट आली तर काय करायचं तेही द्या. माणसाला कुशीवर वळवा, मानेभोवतीचं सैल करा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, आजूबाजूच्या टोचणाऱ्या वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर चाललं किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ ला फोन. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल, चाव्यांचा जुडगा यांनी काहीही होत नाही, फिट आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला जातं. अजूनही पेशंटबरोबर आलेली माणसं मला हे सांगतात, शिकलेली, गाडीने आलेली माणसं, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागा कमी पडली तर उंदीर आणि डंपाचा भाग कापा, कोसंबींचाही कापा, त्यांच्यावर वेगळा लेख कोणाकडून तरी लिहून घ्या. पण शून्यात जाणाऱ्या मुलांचं आणि फिटमध्ये काय करायचं ते मात्र कापू नका.

आपली नम्र,
एक ईईजी टेक्निशियन, फोंडा